घाटीतली फांदी

आमच्या गावाहून हायवेला उतरायचं तर सायकलीला मागून फांदी बांधावी लागे. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, फांदी कशाला? अहो, थांबायला! दोन किलोमीटरची घाटी, लाल मुरूम, त्यावर सुटे गोटे, मध्ये दोन वळणं, आणि आमच्या सायकलींचे ब्रेक म्हणजे लोखंडी दांड्यांना लावलेले रबराचे तुकडे. निम्मी घाटी उतरेपर्यंत ते तापून गुळगुळीत व्हायचे आणि मग सायकल कुणाचंच ऐकायची नाही. म्हणून माथ्यावर पळसाची नाहीतर धावड्याची चांगली पालेदार फांदी घ्यायची, सुतळीनं कॅरिअरला बांधायची आणि खरडत खरडत खाली यायचं. जुने लोक बैलगाडीला ओंडका बांधून उतरत, त्यांचीच ही युक्ती. माझ्या वेळी रोज फांदी घेऊन उतरणारे तिघंच होते: दूधवाला, डाकवाला आणि मी. पायथ्याशी, जिथं आमची वाट हायवेला मिळते तिथं, ती फांदी सोडायची. कुठंही नाही, गिरजामावशीच्या चहाच्या टपरीसमोर. पण मावशीकडे यायच्या आधी घराचं सांगते, कारण घर तसं नसतं तर मावशी मला एवढी लागलीच नसती.

घर म्हणजे आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्या. माझी आई तिथं नर्स. गाव तिला सिस्टरबाई म्हणे आणि मला सिस्टरबाईची पोरगी. माझं नाव नंदा आहे हे त्या गावात किती जणांना माहीत होतं कुणास ठाऊक. बाबा चंद्रपूरकडे नोकरीला होते, दोन महिन्यांतून एकदा यायचे, आले की झोपायचे आणि उठले की त्यांची एसटी असायची. भाऊबहीण कुणी नाही. आमच्या घराचा आवाज म्हणजे रॉकेलच्या स्टोव्हचा भणभणाट आणि त्यावरच्या स्टीलच्या डब्यात उकळणाऱ्या काचेच्या सिरिंजांची खडखड. अजूनही कुठं झाकणाखाली काही खडखडलं की मला भूक लागते, कारण सिरिंजा उतरल्या की त्याच स्टोव्हवर आमचं जेवण चढायचं. पोळीला, भाकरीला, बेसनाला, सगळ्यालाच थोडा स्पिरिटचा वास. शाळेतून यावं तर दाराला बाहेरून कडी, आत झाकलेल्या दोन भाकरी, अंबाडीची भाजी आणि ताटाखाली चिठ्ठी: ‘बाळंतपणाले गेली. जेवून घेजो. कडी लावजो.’ या चिठ्ठ्या मी जपून ठेवायला हव्या होत्या. आई माझ्याशी जेवढं बोलली त्यापेक्षा जास्त तिनं त्यात लिहिलं असेल.

गावातल्या बायका अडल्या की आईला बोलवायला माणूस धावत यायचा. तिच्याच हातांनी त्यांची लेकरं जगात यायची. पण आमच्या घरी आल्या की, ‘आत्ताच चहा घेतला बाई.’ दर वेळी आत्ताच! आम्ही बौद्ध, हे कुणी तोंडानं बोलून दाखवत नसे, फक्त चहा घेत नसत आणि पोरींना आमच्याकडे खेळायला पाठवत नसत. आईला त्याचं काही वाटत नाही असं मला वाटायचं. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या किती तरी पुढं गेलंय, तर वाटतं की तिला वाटून घ्यायला वेळच नव्हता. मला मात्र वेळच वेळ होता. मी उपकेंद्राच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याशी बोलायचे. खोटं नाही सांगत. त्यावर एक गुटगुटीत बाळ होतं, त्याला मी शाळेतल्या सगळ्या गोष्टी सांगायचे.

गावची शाळा सातवीपर्यंत. माझ्या वर्गातल्या बाकीच्या पोरी सातवीनंतर घरी बसल्या, कुणी संत्र्याच्या बगिच्यात कामाला जाऊ लागली. पुढं शिकायचं तर कारंजा, आणि घाटी चढून एसटी येत नव्हती. माथ्यावरून तीन किलोमीटर, घाटीचे दोन, मग हायवेनं सहा. आईनं एक जुनी सायकल घेऊन दिली आणि नियमही दिले. चप्पल नाही, बूटच. ओढणी कमरेला गाठ मारून, चेनीत गेली तर गळा आवळते. मागचा ब्रेक आधी, पुढचा नंतर आणि तोही हळूच. सागाच्या पडलेल्या पानांवर ब्रेक दाबायचाच नाही. वळणावर घंटी, पलीकडून ढोरं येतात नाहीतर डुकरं. आणि नाल्याचं वळण आलं की खाली उतरायचं, सायकल हातानं न्यायची. हे सगळं ती सुई भरता भरता सांगायची, माझ्याकडे न बघता. शेवटी एकदा बघितलं.

“अन् आयक नंदे. एकदा जरी पडली ना, तं सायकल बंद. सरळ मामाकडे पुलगावले. शिर सलामत तं पगडी पचास.”

पुलगावला मामीची चार लेकरं होती. तिथं गेलेल्या पोरीच्या हातात पुस्तक राहत नाही, झाडू येतो, हे मला न सांगता कळत होतं. म्हणजे पडणं आणि शाळा सुटणं हे माझ्यासाठी एकच होतं. दीड वर्ष मी ती घाटी जीव मुठीत धरून उतरले, पण जिवासाठी नाही. शाळेसाठी.

आता गिरजामावशी. आठ दिवसांत येतो म्हणून तिचा नवरा नागपूरला गेला तो गेलाच, आणि तिनं हायवेच्या कडेला चूल मांडली. बाई काटकुळी, पण आवाज असा की ट्रक सुरू असताना ड्रायव्हरला ऐकू जायचा. चहा, तर्रीपोहे, आलूबोंडे. टपरीच्या खांबाला हवा भरायचा पंप बांधून ठेवलेला. घाटी उतरून आलेल्यानं फांदी टाकायची, पाणी प्यायचं, चाकात हवा बघायची आणि पुढं जायचं. पैशाची बात नाही. फांद्या तिच्या चुलीला. तिच्याकडे सगळ्यांना एकच ग्लास होता, राखेनं घासून लख्ख केलेला. ट्रकवाल्यांना तोच, डाकवाल्याला तोच आणि मलाही तोच. पहिल्यांदा दिला तेव्हा मी बघतच राहिले. ती म्हणाली, “काय पाहून राह्यली? पे लवकर, ग्लासाले लाइन हाये.”

रोज सकाळी ती अंगठ्यानं माझे दोन्ही टायर दाबून बघायची. “जेवली का?” “हो मावशी.” “खोटं नोको बोलू, तोंडावर दिसून राह्यलं.” मग कागदावर मूठभर पोहे. “काल काय शिकोलं?” मी उभ्या उभ्या पोहे खात तिला भूगोल सांगायचे, आणि ती चुलीत फुंकर घालता घालता, “बाप्पा! अन् मंग?” म्हणायची. दिवसभरात माझ्याशी कुणी खरं बोललं असेल तर ती दहा मिनिटं. संध्याकाळी परतताना घाटी चढून सायकल ढकलत न्यायची असे, तेव्हाही तिची एक हाक असायचीच, “चालली का वं?” आमच्या फांद्या ती लगेच चुलीत घालत नसे. कुडाला टेकून वेगवेगळ्या उभ्या करून ठेवायची. मला वाटायचं, वाळायला ठेवते.

आठवीत मी पहिली आले होते, म्हणून नववीत दिवाळीची सुट्टी संपता संपता बाबांनी नागपूरहून एसटीच्या टपावर घालून नवी सायकल आणली. जाड खाचांचे टायर, सरळ हँडल, तारेचे ब्रेक आणि गिअर! “डोंगरात चालवाची सायकल हाये म्हने ही,” बाबा म्हणाले. गाव बघायला आलं. ज्या बायका चहा घेत नव्हत्या त्यांनीही गिअर फिरवून पाहिला. त्या संध्याकाळी मी इतकी सुखात होते की तक्त्यावरच्या बाळाकडे बघितलंही नाही. त्या सायकलीला एक मात्र नव्हतं. कॅरिअर. दप्तर पाठीवर टाकता येत होतं, पण फांदी बांधायची कुठं? आणि मला ती बांधायचीच नव्हती. नव्या सायकलीमागं पाला खरडत जाणार, शोभतं का ते?

दुसऱ्या दिवशी घाटी अशी उतरले की कानात वारा. ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी. टपरीसमोर ऐटीत थांबले. तीन-चार ट्रकवाले चहा पीत बसले होते.

“फांदी कुठी हाये वं?” मावशीनं विचारलं.

“या सायकलले लागत नाई मावशी. ब्रेक पाहा ना कसे हाये.”

“सायकलले नसंल लागत. मले लागते.”

एक ट्रकवाला हसला. तो कशाला हसला मला माहीत नाही, पण मला वाटलं मला हसला. माझ्या अंगात काय शिरलं! “मंग सरळ म्हना ना, फुकटच्या काड्या पायजे म्हून! तुमची चूल पेटवाले मी काय नोकर हाये तुमची?”

मावशी एरवी चारचौघांना पुरून उरणारी बाई. मला वाटलं आता ही मला फाडून खाणार. तिनं ग्लास पुसला, ठेवला आणि म्हणाली, “जाय. शाळेले उशीर होईन.” बस, एवढंच. ती रागावली असती तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि सगळं मिटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी टपरीसमोरून मान खाली घालून सुसाट जायचे. संध्याकाळी सायकल ढकलत तिच्यासमोरून हळूच जावं लागायचं, तेव्हा मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालायचे. तिची हाक बंद झाली होती. घरी चिठ्ठी, शाळेत गावाकडची म्हणून बाजूला, आणि आता वाटेवरही कुणी नाही. असे तीन आठवडे गेले. इतकी एकटी मी नंतर नागपूरच्या होस्टेलातही नव्हते.

थंडीचे दिवस होते. सागाची पानं पडून त्यांच्यावर दव साचलेलं. आता आईच्या नियमांपैकी मी एकही पाळत नव्हते, नाल्याच्या वळणाआधी उतरणं तर पहिल्या दिवशीच सोडलं होतं. त्या सकाळी वळणावर पानांचा थर होता. चाक घसरतंय वाटलं आणि मी ब्रेक दाबला. पुढचा, आणि तोही करकचून. मी हँडलवरून गेले आणि माझ्या मागून सायकल. नाल्यात, करवंदीच्या जाळीखाली, दोन खडकांच्या मध्ये. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काडी मोडल्यावर येतो तेवढाच. एक पाय सायकलीच्या दांडीखाली अडकला होता. आणि मी मूर्ख पोरगी, सगळ्यात आधी काय बघावं? सायकलीचा रंग उडाला का ते.

पहिला विचार हाच की कुणी बघितलं तर नाही ना. कुणी बघितलं नव्हतं. आता थोडं पडून राहू, कळ थांबली की उठू, नाल्यात तोंड धुऊ, शाळेत जाऊ. घरी सांगू की खेळताना लागलं. असं ठरवून मी पडून राहिले. कळ काही थांबेना. ऊन जाळीतून खाली आलं. मुंग्या आल्या. पाण्याची बाटली चार हातांवर पडलेली, पण ते चार हात मला काही सरकता येईना.

दुपारी खालून खोकला ऐकू आला. तो खोकला मी हजारांत ओळखला असता. मावशी घाटी चढत होती, स्वतःशीच बोलत. “गुडघे गेले, पन काड्या काई सुटल्या नाई.” माझी फांदी बंद झाली होती, दूधवाल्यानंही नुकतीच मोपेड घेतली होती, म्हणून ती आता काड्या वेचायला स्वतः वर येत होती. माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर ती काड्या मोडत होती. एकेक कडकड मला ऐकू येत होती. माझं अंग थरथरलं, पायावरची सायकल हलली आणि तिची घंटी वाजली. एकदाच. टिंग.

काड्यांचा आवाज थांबला. “कोन हाये?”

मी चांगला हात पुढं केला आणि घंटीवर तळवा दाबून धरला.

“कोन हाये वं तिकडं?” दोन पावलं वाजली. मी श्वासही घेतला नाही. घंटीचा गार पत्रा माझ्या तळव्याला लागत होता. मग ती म्हणाली, “कान वाजते आता माये,” आणि काड्यांचा भारा डोक्यावर घेऊन खाली गेली.

का? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. ती आईला सांगेल, सायकल जाईल, शाळा जाईल, पुलगाव. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. जिला मी ‘तुमची नोकर हाये का?’ म्हणून सुनावलं होतं, तिनंच मला असं पडलेलं बघायचं, आणि मी तिला ‘मावशी, उचला’ म्हणायचं? चौदा वर्षांच्या पोरीला मरण सोपं वाटतं, पण तेवढं तोंडातून निघत नाही. तिचा खोकला ऐकू येईनासा झाला तेव्हा मी उठायचा प्रयत्न केला. डोळ्यांपुढं काजवे आले, ओकारी झाली. मग मात्र मी ओरडले. मावशी, मावशी, करून घसा फुटेस्तोवर ओरडले. खाली हायवेवर ट्रक चालले होते.

दिवस कलला तशी मला खरी भीती वाटली. आई शेजारच्या गावी बाळंतपणाला होती. ती घरी येणार, मी नाही असं बघणार, तोवर काय? आणि मग खालून हाक आली, “नंदाऽऽ! ए नंदेऽऽ!” साडेपाचला सायकल ढकलत जाणारी पोरगी अजून गेली नाही हे मावशीच्या लक्षात आलं होतं. तिकडच्या कडेनं, मान खाली घालून का होईना, मी रोज जात होते आणि ती रोज बघत होती. या वेळी मी लगेच ओ दिली. ती जाळीत घुसली, काट्यांनी तिचे हात सोललेले मी बघितले. तिनं विचारलं, “कवाची पडली?” मी म्हटलं, “सकाळची.” तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग खाली पळत गेली, एक ट्रक थांबवला, ड्रायव्हर आणि क्लीनरनं मला चादरीत घालून खाली नेलं. कारंजाच्या दवाखान्यापर्यंत मावशीनं माझं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं, आणि मी डोळे मिटून घेतले होते.

आई आली. तिनं आधी डॉक्टरांनी बांधलेली झोळी सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली. बोलली ती मावशी.

“सिस्टरबाई, पोरगी माया पायी दिवसभर पडून राह्यली. पैले फांद्या येत ना, तं मी तीन फांद्या कुडाले लावो. दूधवाल्याची, डाकवाल्याची, हिची. तीनी आल्या का मंगच चुलीत घालो. एक कमी दिसली का वरती चक्कर मारून येवो, कोनी पडलं तं नाई म्हून. हिची फांदी बंद झाली अन् माया मेळ तुटला. तरी बाई, दुपारी मी तिथंच होती. घंटी आयकू आली मले! अन् मले वाटलं कान वाजून राह्यले. कानानं दगा देल्ला मले.”

ती रडत होती. एवढी दांडगी बाई, पदर तोंडात कोंबून रडत होती. मी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटले. मले लागते, म्हणाली होती ती. लागते म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आईनं पुलगावचं काढलं. मावशी दवाखान्यातच होती. “नोका पाठवू बाई पोरीले. रोज सकाळी नाल्याच्या वळनावर मी उभी राहीन. मी डोयानं पाहीन, तवाच ती पुढं जाईन. आता फांदीवर नाई राह्यला भरोसा, अन् कानावरही नाई.” आई म्हणाली, “अन् तुमची टपरी? सकाळचंच तं गिऱ्हाईक असते.” मावशी म्हणाली, “टपरी कुठी पयून जाते?” आईनं मान डोलावली. माझी शाळा अशी वाचली. मावशीच्या चुकीवर वाचली, आणि ती चूक तिची नव्हतीच. खरं सांगितलं तर शाळा जाणार होती, म्हणून मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. पुढं पुढं तर तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचे.

आईनं कारंजाच्या सायकल मिस्त्रीकडून माझ्या गिअरच्या सायकलीला कॅरिअर बसवून घेतलं. मिस्त्री पोट धरून हसला. मी पुन्हा फांदी बांधून उतरू लागले आणि नववीचं उरलेलं वर्ष आणि अख्खी दहावी, रोज सकाळी वळणावर मावशी उभी असायची. डोक्याला मफलर, हातात काठी, आणि कानांत कापसाचे बोळे. लसूण टाकून कढवलेलं तेल ती रोज कानात घालायची. जवळ गेलं की वास यायचा. ट्रकवाल्यांना म्हणायची, “जोरात बोला रे, मले कमी आयकू येते.” ऐकू तिला टाचणी पडलेली यायचं. एकदा वळणावर तिनं मला थांबवलं. “नंदे, खरं सांगजो. तुले माये कान कमी वाटते का?” मी म्हटलं, “नाई मावशी, चांगले हाये.” ती हसली. “मन राखून राह्यली माय,” म्हणाली, आणि माझे टायर दाबून बघायला लागली.

दहावीनंतर मी नागपूरला गेले. शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, आईची बदली झाली, घाटी सुटली. माझी लेक आता रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर टेकड्यांतून सायकली फिरवते. हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे, आणि मोबाईलवर ती कुठं आहे ते मला दिसत राहतं. एक निळा ठिपका. मी स्वयंपाक करता करता तो बघत असते आणि ठिपका फार वेळ हलला नाही की माझा हात आपोआप घट्ट होतो. तिला वाटतं आई उगाच घाबरट आहे.

मावशीकडे मी गेले ते ही लेक रांगत होती तेव्हा. हायवे रुंद झाला होता, टपरी उठली होती, आणि ती कारंजात बस स्टँडमागं भाच्याकडे राहत होती. केस पांढरे, अंग अर्धं झालेलं. मला बघताच तिनं ओळखलं आणि भाचसुनेला, शेजारणींना, सगळ्यांना बोलावलं. “हेच ते पोरगी! दिवसभर नाल्यात पडली होती, अन् मी बहिरी बाजूनं निंघून गेली!” पंधरा वर्षांनी तीच गोष्ट, तसाच कपाळावर हात. शेजारणी चुकचुकल्या. त्यांनी ती पुष्कळदा ऐकली असणार.

मी तिच्या जवळ सरकले आणि हळूच म्हटलं, “मावशी, तेव्हा घंटी मीच दाबून धरली होती.”

“काय म्हनते?” तिनं कान पुढं केला. आता ती खरंच बहिरी झाली होती.

मी पुन्हा म्हटलं. तिला ऐकू गेलं नाही. भाचसून म्हणाली, “जोरात बोला ताई, आत्याले नाई समजत.” खोलीत पाच बायका, दारात दोन पोरं, खिडकी उघडी. एक क्षण वाटलं, जाऊ दे. मग मी ओरडले. जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडले.

“मावशी! घंटी वाजली होती! मी हात ठेवला तिच्यावर! तुमी हाक मारली ते आयकलं होतं मी! शाळा बंद होईन म्हून ओ नाई देल्ली!”

मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते, जसं काही ती मोजत होती. मग म्हणाली, “म्हंजे तवा माये कान बरोबर होते.”

“हो मावशी.”

“दीड-दोन वर्स तेल घातलं वं मी कानात.” तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. लटकी नाही, चांगली लागेल अशी. मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी रडत होते, माझी लेक माझ्याकडे बघून रडत होती, आणि काय करावं कुणालाच कळत नव्हतं. शेवटी तोंड तिकडेच ठेवून मावशी भाचसुनेला म्हणाली, “चहा मांड. पोरीनं नागपूरहून आल्यापासून पानी बी नाई पेलं.”

निघताना ती दारापर्यंत आली. माझ्याकडे सरळ बघत नव्हती. “कोनाले सांगून आली का घरी?” मी नाही म्हणून मान हलवली. “पोचली का फोन करजो. मले आयकू नाई येत, पन करजो.”

संध्याकाळी नागपूरला पोचल्या पोचल्या मी फोन लावला. भाचसुनेनं उचलला. म्हणाली, “ताई, तुमी गेल्यापासून आत्या फोनपाशीच बसून हाये. जेवल्या बी नाई.” मी म्हटलं, त्यांना द्या. “पन त्यांले आयकू येत नाई ना.” तरी द्या, म्हटलं. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मी म्हटलं, “मावशी, पोचली मी.” तिकडून तिचा जुना, ट्रकवरून जाणारा आवाज आला. माझ्याशी नाही, भाचसुनेशी बोलत होती.

“आली फांदी. वाढ आता जेवाले.”